उतारवयातले उतारू

अब्बा गेल्यावर अम्मी घरातच बसली. "बहिणीकडे जाऊन ये," म्हटलं, की गुडघ्यांचं निमित्त सांगायची. खरी अडचण होती भाड्याची. मुलापुढे हात पसरणं तिला जड जाई, हे मला उशिरा कळलं.

मंडळी, १ जून १९४८ रोजी तेव्हाच्या अहमदनगरहून पुण्याला एस.टी.ची पहिली गाडी निघाली. पुढे या गाडीनं बाजार, जत्रा, उरूस आणि माहेर जवळ आणलं. ज्येष्ठांना अर्धं तिकीट मिळालं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर प्रवास मोफत झाला.

जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ साली सक्रिय वार्धक्याचे तीन आधार सांगितले : आरोग्य, सहभाग आणि सुरक्षितता. आपण म्हाताऱ्यांना गोळ्या आणून देतो. माणसांत न्यायचं मात्र विसरतो.

अम्मी आता शेजारच्या काकूंबरोबर उरुसाला जाते, पंढरपूरलाही जाऊन आली. गुडघे अजून दुखतात, गाडीची पायरी अजून उंच वाटते. पण परतल्यावर ती रात्री उशिरापर्यंत बोलत असते. अब्बांनंतर मुक्या झालेल्या घराला हे बोलणं हवंच होतं.