बहमन 1356 : एका ड्रॉइंगमास्तरांची पत्रं

आमच्या मंडळातल्या एका पोरानं पहिलं पत्र हातात घेतलं आणि विचारलं, "काका, ह्यावर बहमन लिहिलंय, म्हणजे बहामनी काळातलं का?" बिदरचा पोरगा, त्याला दुसरं काय सुचणार! बहमन हा निजामी राज्यातल्या फसली सालाचा एक महिना. बहमन 1356 फसली म्हणजे साधारण डिसेंबर 1946.

पत्रं भालकीकडच्या एका ड्रॉइंगमास्तरांची. घरच्यांच्या इच्छेवरून नाव देत नाही. कलबुर्गीच्या एस. एम. पंडितांची (1916–1993) चित्रं पोस्टरांतून, कॅलेंडरांतून घरोघर पोचली. आमच्या मास्तरांची चित्रं शाळेच्या भिंतीबरोबर पडली. थोरल्या भावाला लिहिलेली पत्रं तेवढी राहिली.

ती संगणकावर आणायची ठरल्यावर नमुना म्हणून व्हॅन गॉगच्या पत्रांची 2009 ची डिजिटल आवृत्ती पाहिली. 902 पत्रं, पंधरा वर्षांचं काम. मूळ पानाचा फोटो, जसाच्या तसा मजकूर, भाषांतर, टिपा, सगळं शेजारी शेजारी. व्हिन्सेंट बहुतेक पत्रांवर तारीखच घालत नसे. अभ्यासकांनी आतल्या खुणांवरून क्रम लावला. मास्तर तारीख घालत, पण फसली! मी सरळ 590 मिळवून इसवी सन टाकत सुटलो होतो. पण फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, त्यामुळं जानेवारीपासूनच्या महिन्यांत हिशोब एका वर्षानं चुकतो. आता मास्तरांची तारीख तशीच, इसवी सन टिपेत.

दुसरी चूक जास्त लागली. मास्तर 'लवकर'ला 'बेगी' लिहीत, मधेच कानडी शब्द, हिशोब उर्दू वळणाचा. मी ते सगळं 'शुद्ध' केलं होतं. सीमेवरचा माणूस पुण्याचा करून टाकला! सगळं पुन्हा टाइप केलं.

राहिलं एक पत्र. रंगांसाठी वहिनींच्या पाटल्या गहाण पडल्या, त्याचं. प्रभाकर बरवे यांचं 'कोरा कॅनव्हास' 1990 मध्ये त्यांच्या हयातीत आलं. काय छापायचं ते त्यांना ठरवता आलं. व्हिन्सेंटची पत्रं 1914 मध्ये त्याच्या भावजयीनं, योहानानं छापली, तेव्हा काही मजकूर गाळला गेला आणि पुढच्या संपादकांना तो परत घालावा लागला. म्हणून गाळायचं नाही, असं माझं मत. पण त्या वहिनी अजून आहेत, नव्वदीत. मुलगा म्हणाला, "आई आहे तोवर नको."

क्रमांक 17 ची जागा सोडली आहे. तिथं 'पत्र आहे, तूर्त राखून ठेवलं आहे' एवढंच लिहिलंय.