वारा, माती आणि वाळू : कोरोमंडल किनाऱ्यावरील घरांचा इतिहास

पुदुच्चेरी शहराच्या उत्तरेला काही किलोमीटर अंतरावर, बंगालच्या उपसागराला लागून, लाल मातीचे एक ठेंगणे पठार आहे. 28 फेब्रुवारी 1968 रोजी या पठारावर 124 देशांतील तरुण प्रतिनिधी जमले. प्रत्येकाने आपल्या देशाची मूठभर माती आणली होती. ती एका संगमरवरी कलशात ठेवण्यात आली आणि ऑरोव्हिल या नव्या वसाहतीचा प्रारंभ झाला. या सोहळ्यातील विरोधाभास मात्र फारसा कोणाच्या ध्यानी आला नसावा. देशोदेशींची मूठ-मूठ माती कलशात जपली जात होती आणि ज्या पठारावर तो कलश उभा होता त्याची माती दर पावसाळ्यात घळींवाटे समुद्राला मिळत होती.

ऑरोव्हिलचे नाव आज ‘हरित जीवनशैली’ आणि ‘शाश्वत घरे’ या शब्दांबरोबर घेतले जाते. मातीच्या विटांची चार मजली इमारत, सौर ऊर्जेवर चालणारे स्वयंपाकघर, पवनचक्कीने उपसले जाणारे पाणी ही त्याची परिचित चित्रे होत. तथापि ही घरे कोणत्या क्रमाने घडली हे पाहिले, तर शाश्वत घर म्हणजे नेमके काय या प्रश्नाचे अधिक उपयुक्त उत्तर हाती लागते.

या इतिहासाचा पहिला अध्याय पठारावर घडलेला नाही. तो पुदुच्चेरी शहरात, ऑरोव्हिलच्या तीस वर्षे आधी लिहिला गेला. श्रीअरविंद आश्रमातील साधकांच्या निवासासाठी 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात एका इमारतीचे काम सुरू झाले. तिचे वास्तुरचनाकार अँटोनिन रेमंड हे मूळचे चेक; त्यांची कारकीर्द प्रामुख्याने जपानमध्ये बहरली. त्यांच्याबरोबर फ्रांतिशेक सामर आणि जॉर्ज नाकाशिमा हे तरुण वास्तुरचनाकार होते. लाकडी फर्निचरचे थोर कारागीर म्हणून पुढे अमेरिकेत ख्याती पावलेले नाकाशिमा ते हेच. बांधकामासाठी हैदराबाद संस्थानाकडून, दिवाण सर अकबर हैदरी यांच्या पुढाकाराने, देणगी मिळाली; म्हणून इमारतीचे नाव ‘गोलकोंड’ ठेवण्यात आले. महायुद्धाच्या टंचाईत काम रेंगाळले आणि 1940 च्या दशकात पूर्ण झाले.

गोलकोंड ही प्रबलित काँक्रीटची इमारत आहे. आजच्या ‘हरित’ व्याख्येत काँक्रीटला सहसा मानाचे स्थान मिळत नाही. असे असूनही ही इमारत वातानुकूलनाशिवाय आजही सुखाने वापरली जाते. याचे कारण तिच्या सामग्रीपेक्षा रचनेत आहे. इमारतीच्या लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेकडे आहेत, त्यामुळे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन फक्त अरुंद बाजूंवर पडते. लांब बाजूंना खिडक्यांच्या जागी वरपासून खालपर्यंत आडव्या, फिरवता येणाऱ्या पट्ट्या आहेत. त्या उघडल्या की वारा आरपार जातो, कलत्या ठेवल्या की ऊन आणि पाऊस अडतो. खोल्यांची सरकती सागवानी दारेही फटींची आहेत. छपरावर काँक्रीटच्या वक्र कौलांचा दुसरा थर असून दोन थरांमधील हवेची पोकळी वरची उष्णता खाली उतरू देत नाही. या पट्ट्या ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या आहेत. त्या काळी निरुपद्रवी मानला गेलेला हा पदार्थ आज धोकादायक म्हणून ओळखला जातो. वारा खेळता ठेवण्याचे तत्त्व मात्र जुने झालेले नाही.

हे तत्त्व समजून घेण्यासाठी किनाऱ्याचे हवामान ध्यानात घ्यावे लागते. दख्खनच्या पठारावर पांढरीच्या मातीच्या हातभर जाड भिंती घर थंड ठेवतात; कारण तेथे दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठा फरक असतो. दिवसाची उष्णता भिंतीतून आत येईपर्यंत रात्र होते आणि रात्रीच्या गारव्यात ती भिंत पुन्हा निवते. समुद्रकाठी हवा दमट असते, रात्रही फारशी गार होत नाही. तेथे भिंतीला निवायला सवडच मिळत नाही. अशा ठिकाणी माणसाला सुख मिळते ते अंगावरचा घाम सुकवणाऱ्या वाऱ्यामुळे. म्हणून किनाऱ्यावरच्या घराने प्रथम वाऱ्याला वाट द्यावी, हा गोलकोंडचा धडा होय.

ऑरोव्हिलच्या पठारावर पोहोचलेल्या पहिल्या रहिवाशांपुढे घराआधी मातीचा प्रश्न उभा राहिला. या भागात वर्षाला सुमारे 1200 मिलिमीटर पाऊस पडतो; परंतु त्याचा मोठा हिस्सा ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या काळात, अनेकदा थोड्या दिवसांत कोसळतो. मूळचे उष्णकटिबंधीय शुष्क सदाहरित वन तोडले गेल्यावर हे पाणी जिरण्याऐवजी वाहू लागले. त्याने घळी कोरल्या, वरची सुपीक माती नेली आणि समुद्र लाल केला. सावली नाही, विहिरीला पाणी नाही, अशा जागी घर बांधणे म्हणजे तंबू ठोकण्यासारखेच होते.

म्हणून 1970 च्या दशकात घरांपेक्षा बांध अधिक बांधले गेले. शेताच्या कडेने मातीचे बांध, घळींमध्ये छोटे बंधारे आणि त्यांच्या आडोशाला रोपे. प्रारंभी ऑस्ट्रेलियाकडील जलद वाढणारा अकेशिया लावण्यात आला. त्याने सावली दिली, पालापाचोळा दिला, मातीत नत्र स्थिर केले. त्याच्या छायेत पुढे स्थानिक सदाहरित वृक्षांची रोपे वाढवण्यात आली. जवळच्या देवरायांमधून आणि उरल्यासुरल्या वनखंडांमधून त्यांचे बी गोळा करण्यात आले. अर्धशतकात पठारावर वीस लाखांहून अधिक झाडे लावली गेल्याचे सांगितले जाते. या श्रमात कुयिलापालयम, एडयनचावडी, आलनकुप्पम यांसारख्या आसपासच्या तमिळ गावांतील मजुरांचा वाटा मोठा होता. हरित वसाहतीच्या गौरवगाथेत हा उल्लेख अनेकदा तळटीपेतही सापडत नाही.

या काळातील निवास साधे होते. दगडी खांब, सुरूच्या लाकडाचा सांगाडा आणि नारळाच्या विणलेल्या झावळ्यांचे छप्पर. ही स्थानिक तमिळ रीत होती. वाऱ्याच्या दृष्टीने ती उत्तम, परंतु वाळवी, आग आणि चक्रीवादळ यांपुढे अल्पायुषी. झावळ्या दर काही वर्षांनी बदलाव्या लागत. टिकाऊ घर हवे तर काँक्रीट आणि भाजलेली वीट हाच पर्याय समोर होता. भाजलेल्या विटेसाठी शेताची सुपीक माती खणावी लागते आणि भट्टीत लाकूड जाळावे लागते. ज्या वसाहतीने दशकभर झाडे लावली, तिने घरांसाठी झाडे जाळावीत हे विसंगत ठरले असते.

या पेचातून मार्ग निघाला तो न भाजलेल्या मातीतून. मातीची वीट यंत्राने दाबून घडवण्याचा प्रयोग 1950 च्या दशकात कोलंबियात झाला होता. तेथील हातयंत्र जगभर पसरले. भारतात या विषयाचा शास्त्रीय पाया घातला बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने. प्रा. अमूल्य रेड्डी यांनी 1974 मध्ये तेथे ‘अस्त्र’ हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा उपक्रम सुरू केला आणि प्रा. के. एस. जगदीश व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थिरीकृत मातीच्या विटांवर दीर्घकाळ संशोधन केले. ऑरोव्हिलमध्ये 1989 मध्ये हुडको या केंद्रीय संस्थेच्या साहाय्याने मृदा-बांधकामाचे केंद्र स्थापन झाले, तेच पुढे ‘ऑरोव्हिल अर्थ इन्स्टिट्यूट’ म्हणून नावारूपास आले. वास्तुरचनाकार सत्प्रेम मैनी यांच्या नेतृत्वाखाली तेथे ‘ऑराम’ हे हातयंत्र विकसित करण्यात आले.

या विटेचे विज्ञान सोपे आहे, परंतु ते काटेकोर आहे. मातीत खडे, वाळू, पोयटा आणि चिकणमाती असे चार घटक असतात. खडे आणि वाळू सांगाडा देतात, चिकणमाती त्यांना बांधते. चिकणमाती फार झाली तर वीट सुकताना तडकते आणि भिजताना फुगते. कमी झाली तर वीट हातात भुरभुरते. साधारणपणे निम्मी वाळू आणि पाचवा हिस्सा चिकणमाती असलेली माती या कामास उत्तम मानली जाते. अशा मातीत वजनाच्या सुमारे 5 टक्के सिमेंट मिसळतात, किंचित ओलावा देतात आणि यंत्रात दाबतात. दाबामुळे कणांमधील हवा निघून जाते. नंतर चार आठवडे वीट ओली ठेवली की सिमेंट आपले काम करते. दहा किलोची वीट असेल तर सिमेंट अर्धा किलो लागते आणि भट्टी लागतच नाही. संस्थेच्या हिशेबानुसार, बांधकामाच्या जागीच घडवलेल्या या विटेला गावठी भट्टीतील विटेच्या सुमारे एक-दशांश ऊर्जा लागते. पाण्याने भिजल्यावर तिचे बळ घटते, म्हणून जोते उंच आणि छपराचे पाखे रुंद ठेवणे आवश्यक असते.

भिंतीनंतर छप्पर. सपाट स्लॅबला पोलाद आणि सिमेंट दोन्ही भरपूर लागतात. मातीची वीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून तिचे छप्पर कमानीचेच हवे. टांगलेली साखळी ज्या वक्रात स्थिरावते तो वक्र उलटा केला की केवळ दाबावर उभी राहणारी कमान मिळते, हे सूत्र सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने ओळखले होते. आधाराच्या साच्याशिवाय कमानी उभारण्याची न्यूबियातील रीत विसाव्या शतकात इजिप्तचे वास्तुरचनाकार हसन फताह यांनी पुन्हा उजेडात आणली. ऑरोव्हिलने या दोहोंचा मेळ घातला. तेथील अभ्यागत केंद्राला 1992 मध्ये हसन फताह यांच्याच नावाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 1990 च्या दशकातच ‘विकास’ ही निवासी वसाहत बांधली गेली. तिच्यातील एका चार मजली इमारतीसाठी लागणारी माती तिच्याच तळघराच्या खोदाईतून मिळाली.

गोलकोंडने वाऱ्याचा प्रश्न सोडवला होता, पठाराने माती आणि पाण्याचा. मातीच्या विटांनी इंधनाचा प्रश्न हाती घेतला. किनाऱ्यावरील मातीची भिंत दख्खनच्या भिंतीसारखा गारवा देईलच असे नाही. तिचे खरे मोल ती घडवताना न जळलेल्या लाकडात आणि कोळशात आहे. जगातील एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी 7 ते 8 टक्के वाटा सिमेंट उद्योगाचा मानला जातो, आणि भारत हा जगातील दुसऱ्या क्रमांकाचा सिमेंट उत्पादक देश आहे. या पार्श्वभूमीवर हे मोल लहान नाही.

मग हे तंत्र देशभर का पसरले नाही? भारतीय मानक ब्यूरोने मातीच्या विटांसाठी स्वतंत्र मानक केले आहे. 2013 मध्ये त्याची सुधारित आवृत्तीही निघाली. अडचण अन्यत्र आहे. प्रत्येक गावची माती वेगळी, म्हणून प्रत्येक ठिकाणी चाचणी आणि जाणकार गवंडी हवा. शिवाय ‘पक्के’ आणि ‘कच्चे’ ही आपली वर्गवारीच मातीच्या विरुद्ध आहे. जनगणनेच्या व्याख्येत न भाजलेल्या मातीची भिंत कच्ची ठरते. गरिबाने पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरातून सुटण्याचे स्वप्न पाहिले, तेच घर त्याला ‘हरित’ म्हणून परत देऊ करणे सोपे नसते. ऑरोव्हिलच्या सुशिक्षित रहिवाशाला मातीची भिंत अभिमानाची वाटते, शेजारच्या गावातील कुटुंबाला काँक्रीटची. यात अज्ञान नाही, वेगवेगळ्या इतिहासांची स्मृती आहे.

आणि शेवटचा अध्याय समुद्राचा. भारताच्या पूर्व किनाऱ्यावर लाटा वर्षाला लाखो घनमीटर वाळू वाहून नेतात. तिचा निव्वळ प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे असतो. 1980 च्या दशकाच्या अखेरीस पुदुच्चेरी बंदराचे लाटारोधक बांध उभे राहिले आणि ही वाळू दक्षिणेलाच अडली. उत्तरेकडचा किनारा झिजू लागला. शहरापुढची पुळण नाहीशी होऊन तेथे दगडांची रास आली. दगडांनी जेथे झीज थांबवली तेथून ती आणखी उत्तरेकडे सरकली, मच्छीमारांच्या वस्त्यांपर्यंत आणि ऑरोव्हिलच्या किनारी घरांपर्यंत. पुढे राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या आराखड्यानुसार शहरासमोर बुडता पोलादी बांध घालण्यात आला आणि काही पुळण परत आली. 26 डिसेंबर 2004 ची त्सुनामी आणि 30 डिसेंबर 2011 चे ‘ठाणे’ चक्रीवादळ यांनीही या किनाऱ्याची परीक्षा घेतली. त्या वादळात पठारावरील असंख्य झाडे उन्मळून पडली.

पठारावरचे वनही वादातून सुटलेले नाही. मूळ आराखड्यात पन्नास हजार लोकसंख्येचे वर्तुळाकार नगर कल्पिले होते. आज तेथे तीन हजारांच्या आसपास रहिवासी आहेत. आराखड्यातील रस्त्यासाठी डिसेंबर 2021 मध्ये झाडे तोडण्यात आली, तेव्हा प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापर्यंत गेले. न्यायाधिकरणाने 2022 मध्ये घातलेली बंधने सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये रद्द ठरवली. कागदावर नगर आधी होते, जमिनीवर वन आधी उभे राहिले. दोहोंपैकी कोणाचा हक्क आधीचा, हा प्रश्न न्यायालयाच्या निकालाने सुटला तरी वसाहतीच्या मनातून गेलेला नाही.

शाश्वत घराचे प्रमाणपत्र बहुधा एका इमारतीला दिले जाते. कोरोमंडलच्या किनाऱ्याचा इतिहास वेगळा हिशेब मांडतो. घरातला वारा अंगणातील झाडांवर अवलंबून असतो, झाडे बांधांवर, विहिरीचे पाणी शेजारच्या गावाच्या उपशावर आणि किनाऱ्यावरचे घर काही किलोमीटर दूरच्या बंदरावर. उत्तम मातीची, उत्तम कमानीची वास्तूही पायाखालची वाळू सरकली तर टिकत नाही. घर बांधू पाहणाऱ्या तरुण अभियंत्यांनी विटेची चाचणी अवश्य घ्यावी. त्याआधी त्या जागी पाऊस कोठे जातो आणि वाळू कोठून येते, एवढे विचारून घ्यावे.