दोष डोळ्यांचा नव्हता

१८९६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाविषयी लिहिले. मुलगा हुशार, गणितात चांगला. पण शब्द वाचणे त्याला जवळजवळ अशक्य होते. मॉर्गन यांनी याला ‘जन्मजात शब्दांधत्व’ म्हटले. नावातच दृष्टिदोष गृहीत होता आणि ही समजूत अनेक दशके टिकली.

१९७० नंतर ती ढासळू लागली. १९८३ मध्ये लिनेट ब्रॅडली व पीटर ब्रायंट यांनी ‘नेचर’मध्ये ४०३ बालकांचा अभ्यास मांडला. ऐकलेल्या शब्दांतून वेगळ्या ध्वनीचा शब्द ओळखणे ज्यांना जड गेले, ती मुले पुढे वाचनातही मागे पडण्याचा संभव अधिक होता. अडचण मुख्यतः ध्वनी व अक्षर यांची सांगड घालण्यात होती.

देवनागरीत ही सांगड वेगळी असते. ‘कि’मध्ये वेलांटी आधी दिसते, उच्चारली जाते ‘क्’नंतर, ‘अर्क’मधील रफार ‘क’च्या डोक्यावर बसतो, उच्चारला जातो त्याच्याआधी. केवळ इंग्रजी चाचणीतून ही अडचण कशी दिसणार? मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने विकसित केलेला ‘डाली’ हा चाचणीसंच २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड व इंग्रजीत आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने विशिष्ट अध्ययन अक्षमतेला स्थान दिले.

मूल भिलाईच्या रुआबांध्यात हिंदी वाचणारे असो वा साताऱ्यात मराठी, त्याला ‘ढ’ ठरवण्यापूर्वी त्याच्याच लिपीत तपासणे आता शक्य आहे.