चीक, दूध आणि पान्हा : मालवण किनाऱ्यावरील नवजाताच्या पहिल्या आहाराचा इतिहास

मराठीत 'चीक' हा शब्द अनेक पदार्थांना लावला जातो. फणस कापताना हाताला चिकटतो तो चीक. रुईच्या किंवा शेराच्या फांदीतून पाझरतो तोही चीक. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून जे सत्त्व काढतात त्यालाही चीकच म्हणतात. गाय किंवा म्हैस व्याल्यावर तिच्या सडांतून प्रथम येणारे दाट दूध आणि बाळंतिणीच्या स्तनांतून पहिले दोन-तीन दिवस येणारा पिवळसर द्रव यांनाही हेच नाव आहे. यांपैकी शेवटच्या दोहोंची तुलना उद्बोधक ठरते. गोठ्यातील चिकाचा गूळ व वेलची घालून खरवस करावयाचा, तो शेजारीपाजारी वाटावयाचा. परंतु बाळंतिणीच्या खोलीतील चीक मात्र पिळून टाकावयाचा, अशी चाल महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात आणि कोकणातही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आढळत असे. एकच नाव असलेल्या दोन सजातीय पदार्थांच्या वाट्याला इतके भिन्न भाग्य का आले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्राचीन ग्रंथांत या प्रश्नावर एकवाक्यता नाही. जातकर्म संस्कारात बालकास मध व तूप चाटविण्याचा विधी आहे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात हा विधी सांगून त्यानंतर बालकास प्रथम उजवा स्तन द्यावा असे म्हटले आहे. सुश्रुतसंहितेत निराळा क्रम दिसतो. प्रसूतीनंतर तीन किंवा चार रात्रींनी स्तन्य प्रवृत्त होते, असे सांगून तोपर्यंतच्या दिवसांसाठी मध व तूप यांची योजना तेथे केली आहे. सुश्रुताचे निरीक्षण चुकीचे नाही. दुधाचा भरपूर ओघ साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास सुरू होतो, हे आजचे शरीरशास्त्रही मान्य करते. प्रश्न आहे तो त्यापूर्वी जे थोडेसे पाझरते त्याची गणना दुधात करावयाची की नाही, हा. अमरकोशात नव्या दुधाला 'पेयूष' हा शब्द आहे आणि 'पीयूष' हा अमृताचाही पर्याय आहे. परंतु नव्या दुधाचा तो शब्द येतो वैश्यवर्गात, गोरसाच्या संदर्भात. अर्थात गाईच्या पहिल्या दुधाला कोशात अमृताच्या जवळचे स्थान मिळाले.

एकोणिसाव्या शतकातील चालीरीतींची कल्पना मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांवरून येते. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या खंडात अनेक जातींच्या जन्मविधींची वर्णने आहेत. त्यांत पहिले दोन-तीन दिवस मुलास मध, एरंडेल यांसारखे पदार्थ द्यावयाचे आणि त्यानंतर आईने पाजावयास घ्यावयाचे, असा क्रम पुनःपुन्हा येतो. म्हणजे सुश्रुताने सांगितलेला कालावधी ग्रंथाशी संबंध नसलेल्या घरांतूनही पाळला जात होता.

मालवणच्या किनाऱ्यावर बाळंतिणीच्या दुधाची आस्था नव्हती, असे मात्र मुळीच नाही. उकड्या तांदळाची पेज, ओले खोबरे, अळीव आणि गाबितांच्या व इतर मत्स्याहारी घरांत मोरीचे कालवण हे पदार्थ दूध वाढावे म्हणून तिला आवर्जून दिले जात. 'पान्हा' हा शब्द संस्कृत 'प्रस्नव' यापासून आलेला असून तो गाय आणि माता या दोघींसही सारखाच लागू पडतो. पान्हा फुटतो, पान्हा आटतो. गाय तो चोरतेही. स्तन्याविषयीची ही शब्दसंपत्ती गोठा आणि बाळंतिणीची खोली यांत समाईक आहे. भेद पडतो तो केवळ चिकाच्या ठिकाणी.

'चीक' हा शब्द चिकट, चिकण, चिकटणे यांच्या कुळातला आहे. शेराचा चीक डोळ्यांस अपाय करतो, आंब्याचा चीक ओठांस लागला तर फोड येतात, हे कोकणातील मुलासही ठाऊक असते. तेव्हा स्तनांतून येणाऱ्या दाट, पिवळ्या द्रवास हेच नाव मिळाल्यावर तो पचावयास जड किंवा घातक मानला गेला असावा, असा तर्क सहज सुचतो. तथापि शब्दामुळे आचार निर्माण झाला असे म्हणता येणार नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य सोरॅनस यानेही आईचे आरंभीचे दूध नवजातास अयोग्य ठरविले होते आणि इंग्लंडमध्ये १७४८ साली विल्यम कॅडोगन यास मुलाला आरंभापासून आईच्याच अंगावर पाजण्याचा आग्रह धरावा लागला. या लोकांच्या भाषांत 'चीक' हा शब्द नव्हता. शब्दाने चाल निर्माण केली नाही. चालीला आधार मात्र दिला. जे 'दूध' म्हणून ओळखलेच गेले नाही, ते टाकल्याची हळहळ कोणास वाटणार?

या चालीची किंमत मोठी होती. चीक थोडा असतो, परंतु नवजाताची भूकही तेवढीच असते. त्यात रोगप्रतिकारक द्रव्ये विपुल असतात. शिवाय मूल चोखू लागल्यानेच दुधाचा ओघ वाढतो. म्हणून तीन दिवस वाट पाहण्याने दूध उशिरा येण्याचीच शक्यता वाढते. चाटविलेल्या मधातून वर्षाच्या आतील मुलास बॉट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो. घाना देशात सुमारे अकरा हजार नवजातांच्या पाहणीवरून २००६ मध्ये असे अनुमान निघाले की, सर्व मुलांना जन्मानंतर एका तासाच्या आत अंगावर घेतले, तर तेथील नवजातांचे सुमारे २२ टक्के मृत्यू टळू शकतील.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने मातेच्या दुधाच्या पर्यायांच्या विक्रीविषयीची आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली. डिसेंबर १९९१ मध्ये वर्धा येथे स्तनपानाच्या प्रसारासाठी अखिल भारतीय संघटन स्थापन झाले आणि १९९२ मध्ये भारतात डब्याच्या दुधाच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा झाला. जन्मानंतर तासाभरात पाजावे, सहा महिने पाणीदेखील न देता केवळ अंगावरचे दूध द्यावे आणि पुढे पूरक आहाराबरोबर दोन वर्षे वा अधिक काळ ते चालू ठेवावे, हा आजचा सर्वमान्य नियम आहे.

भाषेच्या अभ्यासकास यात एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटेल. आरोग्यसेविकांनी व आशा कार्यकर्त्यांनी जुना शब्द टाकला नाही. त्याला 'दूध' हे पद जोडून 'चीक दूध' असा समास रूढ केला. जो पदार्थ पिढ्यानुपिढ्या दुधाच्या गणनेबाहेर होता, तो या एका पदाने दुधात जमा झाला. गोठ्यातील चिकाला जो मान होता, तो बाळंतिणीच्या चिकाला मिळावयास दीर्घ काळ लागला. मात्र त्यासाठी परका शब्द आणावा लागला नाही.