पेटी आणि अंगण

मंडळी, आपल्याकडे 'गावात वाचनालय आहे' म्हणजे काय? एक खोली, दोन कपाटं, चार वर्तमानपत्रं आणि कपाटाला कुलूप! त्यात तीन-चार वर्षांचं पोर कुठेच बसत नाही. पण या दोघांची गाठ घालायला उपयोगी पडतील असे दोन प्रयोग आपल्याच लोकांनी पूर्वी करून ठेवलेत. या वीकांताला त्यांच्याविषयी.

पहिला बडोद्याचा. सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिककडच्या कवळाण्याचे. 1906 साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग प्रश्न आला, शाळा सुटल्यावर लोक वाचणार काय? 1910 मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन हा ग्रंथपाल बोलावला. मोठं ग्रंथालय तर उभं राहिलंच, पण खरी गंमत फिरत्या पेट्यांची. लाकडी पेटीत पुस्तकं भरायची, गावाला पाठवायची, वाचून झाली की परत. ने-आण करायचा खर्च संस्थानाचा.

डिझाइन झकास! फक्त एक गृहीतक त्यात दडलंय: पेटी उघडणाऱ्याला वाचता येतं.

दुसरा प्रयोग नेमका तिथेच सुरू होतो. 1945 मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या, अनुताई वाघ सोबत. बालवाडी काढली, पण दलित वस्तीतली मुलं येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 1957 पासून काम कोसबाडला. तिथली आदिवासी मुलं गुरांमागे जायची, तर शाळाही कुरणात गेली... कुरणशाळा! माँटेसरीचं महागडं साहित्य परवडणार नव्हतं, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राची बालविकास योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि 'अंगणवाडी' देशभर पोचली.

आता वैनगंगेकाठच्या आरमोरीकडे या. 1982 साली चंद्रपूरमधून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीतला हा धानाचा तालुका. उन्हाळ्यात मोहफुलं नि तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी. घरचे पहाटेच बाहेर, धाकटं थोरल्या बहिणीच्या कडेवर. घरात झाडीबोली, कुठे गोंडी. आणि पुस्तकात मात्र पुण्याची मराठी! अशा घरी नुसती पेटी पाठवून काय होणार? पेटीबरोबर वाचून दाखवणारं माणूस हवं, तेही घरच्या बोलीत गोष्ट सांगणारं.

अवघड आहे, पण अशक्य नाही. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर (2015 पासून) देवनागरीतल्या गोंडी गोष्टीसुद्धा फुकट मिळतात. अंगणवाडी गावात असतेच, वाचनालय तालुक्याला असतं. अडतं कुठे? 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदानासाठी अ, ब, क, ड वर्ग ठरवताना पुस्तकं मोजली जातात. मांडीवर बसून गोष्ट ऐकणारं पोर कुठल्या रकान्यात भरायचं?

जे मोजत नाही त्यावर पैसा खर्च होत नाही, हे आम्हा आयटीवाल्यांना चांगलंच ठाऊक आहे. तेव्हा तो एक रकाना आधी वाढवावा, असं आपलं मला वाटतं. पेट्या काय, सुतार करून देईल.