कळा लपवायच्या कशाला?

आज आपण बाळंतपणाचा थोडा इतिहास बघू.

आनंदीबाई जोशी हे नाव आपल्याला माहीत आहे. जन्म १८६५ चा, लग्न नवव्या वर्षी. चौदाव्या वर्षाच्या आसपास बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. तेव्हा बाई पुरुष डॉक्टरला दुखणं सांगायला लाजायची आणि बाई डॉक्टर तर सहसा मिळायचीच नाही. म्हणून आनंदीबाई १८८३ साली अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषयही त्यांनी बाळंतपणच घेतला. १८८७ मध्ये क्षयाने त्या गेल्या, तेव्हा बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

त्या काळी सगळं सुईणीच्या हाती असे. तिचा हात अनुभवी होता, पण अडलेली बाई सोडवायला किंवा जास्तीचं रक्त थांबवायला तिच्याकडे साधन नव्हतं. नाळ विळ्याने कापली की बाळाला धनुर्वात व्हायचा. आई-बाळाच्या या धनुर्वाताचं निर्मूलन आपल्या देशात २०१५ मध्ये झालं.

आता खुणा समजून घेऊ. खोट्या कळा येतात आणि चालल्या-बसल्यावर थांबतात. खऱ्या कळा कमरेतून पोटाकडे येतात, ठरावीक वेळाने येतात आणि वाढतच जातात. रक्त मिसळलेला चिकट स्राव जातो. कधी आधी पाणमोट फुटते.

पहिल्या टप्प्यात गर्भपिशवीचं तोंड उघडतं. पहिलटकरणीला याला बारा तास किंवा जास्तही लागतात. या वेळी जोर करायचा नाही, नाहीतर बाई थकून जाते. दुसऱ्या टप्प्यात तोंड पूर्ण उघडून बाळ बाहेर येतं. तिसऱ्यात वार पडते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. त्यानंतरचे दोन तास रक्तस्रावावर नजर ठेवायची.

पाणी गेलं, रक्त जास्त गेलं, झटके आले, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर कळांची वाट न बघता दवाखाना गाठायचा.

२००१-०३ मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ आया दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ३३ वर आला. २००५ पासून आशाताई आल्या, जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली. तरी पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरून रात्री घाट उतरायचा म्हणजे वेळ लागतोच. सासूला कसं सांगू, म्हणून सून कळा सोसत बसली, तर तेवढे तास हातचे जातात.

म्हणून आम्ही गटात असं म्हणतो: नववा महिना लागला की बैठकीतच ठरवायचं. सोबत कोण जाणार, गाडी कुणाची, घरच्या पोरांकडे कोण बघणार, गटातून किती पैसे बाजूला काढायचे. १०२ आणि १०८ हे नंबर दाराच्या मागे खडूने लिहून ठेवायचे. आणि सुनेला आधीच सांगायचं, कळ आली की हाक मार, लाजू नको.