चेंजेस वन
चेंजेस वन : अमेरिकन जॅझ संगीतकार, डबलबेसवादक व वृंदनायक चार्ल्स मिंगस (२२ एप्रिल १९२२–५ जानेवारी १९७९) याची उत्तरकालीन ध्वनिमुद्रिका. तिचे ध्वनिमुद्रण न्यूयॉर्क येथे डिसेंबर १९७४ च्या अखेरीस झाले व अटलांटिक कंपनीने ती १९७५ मध्ये प्रकाशित केली. त्याच बैठकींतील उर्वरित रचना ‘चेंजेस टू’ या नावाने प्रसिद्ध झाल्या.

पिथिकॅन्थ्रोपस इरेक्टस (१९५६) व मिंगस आह उम (१९५९) या ध्वनिमुद्रिकांमुळे मिंगसची गणना श्रेष्ठ जॅझ रचनाकारांत होऊ लागली होती. तथापि १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात तो संगीतजीवनापासून जवळजवळ अलिप्त राहिला. बिनीथ द अंडरडॉग हे त्याचे आत्मचरित्र १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच सुमारास तो पुन्हा व्यासपीठावर आला. विद्युत् वाद्ये व रॉक संगीताचे ठेके यांचा जॅझवर तेव्हा मोठा प्रभाव होता. मिंगसने मात्र या ध्वनिमुद्रिकेत पाच वादकांचा, विद्युत् वाद्यांविना चालणारा मेळच कायम ठेवला. ट्रम्पेटवर जॅक वॉलरथ, टेनर सॅक्सोफोनवर जॉर्ज ॲडम्स, पियानोवर डॉन पुलन व ड्रमवर त्याचा जुना सहकारी डॅनी रिचमंड हे त्याचे साथीदार होते.

ध्वनिमुद्रिकेत चार रचना आहेत. ‘रिमेंबर रॉकफेलर ॲट ॲटिका’ या पहिल्या रचनेच्या शीर्षकास न्यूयॉर्क राज्यातील ॲटिका तुरुंगातील १९७१ च्या उठावाचा संदर्भ आहे. तत्कालीन राज्यपाल नेल्सन रॉकफेलर याच्या संमतीने १३ सप्टेंबर रोजी सशस्त्र दलांनी तुरुंगाचा ताबा घेतला. त्या वेळच्या गोळीबारात कैदी व ओलीस मिळून ३९ जण ठार झाले. या ध्वनिमुद्रणापूर्वी काही दिवस, १९ डिसेंबर १९७४ रोजी, रॉकफेलरचा देशाचा उपराष्ट्राध्यक्ष म्हणून शपथविधी झाला होता. रचना मात्र शब्दविरहित असून तिची चाल द्रुत व प्रसन्न आहे. त्यामुळे निषेधाचा सारा भार शीर्षकावरच पडतो. ज्याचा विसर पडू पाहत होता, ते नाव वादनाच्या प्रत्येक प्रसंगी उच्चारले जावे, एवढीच तिची मागणी आहे.

‘स्यूज चेंजेस’ ही सु. सतरा मिनिटांची रचना मिंगसची सहचारिणी स्यू हिच्या नावे आहे. ‘चेंजेस’ या शब्दाचा जॅझच्या परिभाषेतील अर्थ ज्यावर वादक उत्स्फूर्त विस्तार करतो ती स्वरसंघातांची मालिका असा होतो. सामान्य अर्थ स्थित्यंतरे असा आहे. येथे दोन्ही अर्थ एकत्र येतात. संथ, भावपूर्ण चालीतून रचना वेगवान लयीत शिरते, मुक्त वादनाच्या कल्लोळापर्यंत पोहोचते व पुन्हा शांत होते. पुलनच्या वादनात स्वरसंघातांची चौकट क्वचित मोडते. परंतु बेस व ड्रम लयीचा धागा सुटू देत नाहीत. ‘डेव्हिल ब्लूज’ मध्ये ॲडम्सचे गायन असून मिंगसच्या संगीताचे कृष्णवर्णीयांच्या लोकपरंपरेशी असलेले नाते त्यातून स्पष्ट होते.

‘ड्यूक एलिंग्टन्स साउंड ऑफ लव्ह’ ही रचना २४ मे १९७४ रोजी निधन पावलेल्या ड्यूक एलिंग्टनला वाहिलेली आदरांजली होय. एलिंग्टन हा मिंगसचा आदर्श. १९५३ मध्ये त्याच्या वाद्यवृंदातून एका भांडणामुळे मिंगसला अल्पावधीतच बाहेर पडावे लागले. पुढे १९६२ मध्ये मनी जंगल या ध्वनिमुद्रिकेसाठी दोघे पुन्हा एकत्र आले. प्रस्तुत रचनेत एलिंग्टनचे अनुकरण नाही. वाद्यांच्या रंगच्छटांतून दीर्घ स्वरवाक्य उभारण्याची त्याची दृष्टी मात्र तीत आहे. चेंजेस टू मध्ये तिचे गायनयुक्त रूपही आढळते.

मिंगसचे उत्तरकालीन कार्य म्हणजे पूर्वयशाची पुनरावृत्ती, हे मत या ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत टिकत नाही. तरुण वादकांना मुक्त वाव देऊनही रचनेची एकसंधता राखण्याची त्याची कार्यशाळा-पद्धती येथे परिपक्व झालेली दिसते. १९७७ मध्ये असाध्य चेताविकाराचे निदान झाल्यावर त्याचे वादन थांबले. मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे तो मरण पावला व त्याच्या इच्छेनुसार पत्नी स्यू हिने त्याची रक्षा भारतात आणून गंगेत विसर्जित केली. ॲडम्स, पुलन व रिचमंड यांनी पुढे आपल्या चतुष्कामधून या मेळाची परंपरा काही वर्षे चालू ठेवली.

पहा : एलिंग्टन, ड्यूक, जॅझ संगीत.